पाच बोटे आणि वर्णमाला

उजवे मनगट प्लास्टरमध्ये गेले आणि मुळगावच्या घरी भेटायला येणारा प्रत्येकजण सांगू लागला, ‘लिखाण बंद ठेव, एका हाताने काय टाइप करणार?’ मला हसू आले. आमच्याकडे भजनाला पेटीवाला डाव्या हाताने भाता मारतो आणि अख्खा अभंग एकाच हाताने वाजवतो. त्याला कोणी असे विचारते?

डग्लस एंगलबार्टने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत माऊस दाखवला, तो सर्वांच्या लक्षात राहिला. त्याच्या डाव्या हाताखाली पाच कळांची पट्टी होती, ती विस्मरणात गेली. एक, दोन, तीन अशा कळा एकदम दाबायच्या. पाच कळांचे ३१ मेळ होतात. इंग्रजीची २६ अक्षरे त्यात सहज बसतात.

मी तसलेच यंत्र मागवले. भाचा म्हणाला, ‘मामा, रोमनमध्येच टाइप कर. संगणक देवनागरी करून देतो.’

इथेच माझे भांडण आहे. गोव्यात लिपीवरून आपण किती भांडलो! १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, असे लिहून घेतले. आणि देवनागरीचे तेच कैवारी लेख लिहायला बसले की बोटांनी ‘के’, ‘एच’, ‘ए’ बडवतात. पडद्यावर देवनागरी, बोटांत रोमी! त्यापेक्षा रोमीत लिहिणारा प्रामाणिक. तो निदान जे टाइप करतो तेच छापतो.

मी वर्णमालाच बोटांवर बसवली. वर्ग पाच, प्रत्येकात अक्षरे पाच. पहिल्या ठोक्याला वर्ग, दुसऱ्याला अक्षर. अंगठा-अंगठा म्हणजे ‘क’, करंगळी-करंगळी म्हणजे ‘म’. ‘य’ ते ‘ळ’ ही नऊ व्यंजने दोन बोटे एकदम दाबून, ‘अ’ ते ‘औ’ हे दहा स्वर तीन बोटांनी. चार बोटांत ऋ, अनुस्वार, विसर्ग, हलन्त. पाचही बोटे म्हणजे मोकळी जागा. ही मांडणी भाच्यानेच संगणकात बसवून दिली.

‘मुळगाव’ला आठ ठोके. पहिल्या दिवशी त्यालाच मिनिट लागले. तिसऱ्या आठवड्यात बोटांकडे बघणे सुटले.

काहीजण म्हणतील, आता बोलले की टाइप होते, शिकायचे कशाला? अहो, बोललेले खोडून पुन्हा लिहायचे असते, त्यालाच लेखन म्हणतात!

प्लास्टर निघेल. पण यापुढे देवनागरीच्या सभेत कोणी टेबलावर मूठ आपटली, तर मी एवढेच विचारणार : मूठ उघडा, यातल्या किती बोटांना वर्णमाला येते?