बुश बदला, पण 'अपग्रेड' करू नका

इथे ब्रिटनमध्ये जुनी बीएमडब्ल्यू एम३ बाळगणाऱ्या माणसाला मागच्या सबफ्रेमचे बुश बदलायचेत असं कळलं, की चार मित्र पाच सल्ले देतात. त्यातला एक ठरलेला: "मूळचे रबरी कशाला घालतोस? पॉलियुरेथेनचे घाल, नाहीतर सरळ अॅल्युमिनियमचे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे!"

माझं मत बरोबर उलटं आहे. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मूळच्यासारखे रबरी बुशच घालावेत, आणि जागा, वेळ, हत्यारं असतील तर घरीच, स्वतःच्या हाताने घालावेत. दोन्हींचं कारण एकच, आणि ते बुशात नाही. बुशाच्या वर जो पत्रा आहे त्यात आहे.

आधी थोडी ओळख. मी बोलतोय ती एम३ म्हणजे ई४६ पिढीची, २००० ते २००६ या काळात बनलेली. सहा सिलिंडर एका ओळीत, ३.२ लिटर, ३४३ पीएस. मागची चाकं इंजिन फिरवतं. डिफरन्शियल आणि मागच्या सस्पेन्शनचे आर्म ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतात तो सबफ्रेम. हा सांगाडा बॉडीला चार बोल्टांनी जोडलेला असतो आणि प्रत्येक बोल्टाभोवती एकेक बुश असतो. बुश म्हणजे काय, तर आत धातूची नळी, बाहेर धातूची नळी आणि मधे दोघींना चिकटवलेलं रबर. एवढंच.

आता जरा आकडेमोड करू. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल व्हायला हवीत ना!) इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ३६५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.२३, डिफरन्शियलचं ३.६२. तिघांचा गुणाकार केला की मागच्या अॅक्सलवर साधारण ५,६०० न्यूटन-मीटर येतात. अर्थात एवढा जोर रस्त्यावर उतरायच्या आधीच टायर घसरतील. पण त्याच्या निम्मा, २,८०० जरी धरला, तरी तो म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला पावणेतीनशेहून जास्त किलो लटकवल्यासारखं झालं. न्यूटनचा तिसरा नियम इथेही सुटत नाही. चाकं पुढे फिरवली की डिफरन्शियलचा डबा उलटा फिरू बघतो. त्याला धरून ठेवतो सबफ्रेम, सबफ्रेमला धरतात चार बुश, आणि बुशांच्या पलीकडे असतो डिकीखालचा पत्रा.

शिवाय हा जोर एका दिशेने शांतपणे लागत नाही. अॅक्सिलरेटर दाबला की एकीकडे, सोडला की दुसरीकडे. प्रत्येक गिअरला, प्रत्येक सिग्नलला. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते, तसाच धातू थकतो. आणि ई४६च्या मालकांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. या गाड्यांत सबफ्रेमच्या जोडणीपाशी पत्र्याला चिरा पडतात हे जगजाहीर आहे. फक्त एम३ नाही, साध्या ई४६मध्येही हे आढळलं आहे. चीर मोठी झाली की पत्रा कापणं, वेल्डिंग करणं, वरून जाड पट्ट्या जोडणं, असं मोठं काम निघतं.

म्हणून मी बुशाकडे बघतो ते फ्यूजसारखं. रबर रोज थोडं दबतं, धक्का पसरवतं, त्याचा माथा उतरवतं आणि काही वर्षांनी तडकतं. तो त्याचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. महागड्या पत्र्याने थकू नये म्हणून स्वस्त रबराने थकायचं असा हा करार आहे. तडकलेला बुश तसाच ठेवला तर सबफ्रेम सैल होऊन ठोके देतो. गाडी सोडताना मागून 'ठक्' असा आवाज येतो, आणि वळणात गाडीचा मागचा भाग स्वतःचंच डोकं चालवतो. म्हणजे करार मोडला. पण बुश नको तेवढा कडक केला, तरीही करार मोडलाच की!

पॉलियुरेथेनवाल्यांची बाजू मला मान्य आहे. ते रबरापेक्षा टणक असतं, तेलाने लवकर खराब होत नाही, गाडी तासल्यासारखी नेमकी वळते. पहिल्या दिवशी फरक जाणवतो आणि मजाही येते. अॅल्युमिनियमवाले म्हणतात, हालचालच उरली नाही तर ठोका बसणार कुठून? ज्या गाडीचा तळ पट्ट्या जोडून आधीच मजबूत केलाय आणि जी मुख्यतः ट्रॅकवर पळते, तिच्यासाठी हे बरोबर आहे. पण रस्त्यावरच्या गाडीत, तळ न तपासता, न मजबूत करता नुसते कडक बुश ठोकणं म्हणजे घरात वारंवार फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार बसवणं. फ्यूज उडायचा थांबेल. पुढचं वायरिंगला विचारा.

आता दुसरा मुद्दा: घरीच का?

पैसे वाचतात हे खरं. चार बुश स्वस्त, पण ते काढायला-घालायला लागणारे तास महाग. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. पण माझं कारण ते नाही. सबफ्रेम जागेवर असताना वरचा पत्रा नीट दिसत नाही. तो खाली उतरवला की गाडीच्या आयुष्यात क्वचित येणारी संधी मिळते. वर्कशॉपला आपण सांगितलेलं असतं 'बुश बदला'. ते बुश बदलतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण तासावर पैसे मोजायचे असले की कोणी अर्धा दिवस पत्र्याकडे बघत बसत नाही. आपण बसू शकतो. वायरब्रशने माती आणि सुटलेलं सीलंट काढायचं, चारही जागा पुसून कोरड्या करायच्या, टॉर्च तिरपा धरून एकेक स्पॉट वेल्ड बघायचा. चीर दिसली तर नवे बुश खोक्यातच राहू द्यायचे आणि आधी चांगला वेल्डर गाठायचा. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीतही सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज वेगळ्या कडकपणे बघतात. ती जागा किती नाजूक आहे ते त्यावरून समजा.

घरासमोर गाडी उघडायची ही इथली जुनी रीत आहे. जॉन हेन्स यांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइटचं दुरुस्ती-पुस्तक काढलं. गाडी पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि जे केलं तेच लिहायचं, ही त्यांची पद्धत. कितीतरी लोक त्या पुस्तकांवर आपापल्या ड्राइव्हवेत शिकले. पुण्या-मुंबईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमणं कठीण. सेक्रेटरी आधी येईल.

ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी:

१. गाडी जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नका. चांगले अॅक्सल स्टँड, सपाट काँक्रीट, चाकांना ठोकळे. यात तडजोड नाही.

२. मिठाच्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीचे बोल्ट गंजलेले असणारच. आठवडाभर आधीपासून रोज पेनिट्रेटिंग तेल सोडा.

३. एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकच्या केबल, एबीएसच्या वायर, ट्रेलिंग आर्मची बॉडीवरची जोडणी, सगळं सोडवल्याशिवाय सबफ्रेम उतरत नाही. त्याचं वजन ब्रेकच्या होजवर कधीही लटकू देऊ नका.

४. काढण्यापूर्वी जुना बुश कोणत्या दिशेने बसलाय त्याची खूण करा. हटवादी बाहेरची नळी करवतीच्या पात्याने कापताना सबफ्रेमच्या भोकावर ओरखडा नको.

५. नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. पेट्रोलियमचं ग्रीस नैसर्गिक रबराला खातं. मोठे वॉशर आणि आटे असलेला जाड रॉड घेऊन सरळ ओढा. हातोडीने ठोकू नका.

६. आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट.

हे करायला दोन वीकएन्ड धरा. आणि ज्याच्याकडे सपाट जागा किंवा मदतीला दुसरा माणूस नाही, त्याने खुशाल वर्कशॉपमध्ये जावं. त्यात कमीपणा नाही. फक्त जाताना 'बुश बदला' एवढंच सांगू नका. 'सबफ्रेम उतरला की मला फोन करा, मला पत्रा बघायचाय' असं सांगा.

असो. सॉफ्टवेअरमध्येही आपण हेच करतो. एखादी एरर सारखी येते म्हणून ती दाखवणारा चेकच काढून टाकतो आणि त्याला सुधारणा म्हणतो. कोडमध्ये ते फार तर रात्री दोनला फोन वाजवतं. गाडीत त्याच्या वर माणसं बसलेली असतात.