फिल्टर त्यांचा, खोट म्हणे आमच्या चालवण्यात

"सर, तुमचं रनिंग बरोबर नाही."

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या आणि २०२० ते २०२२ च्या दरम्यान डिझेलची छोटी गाडी घेतलेल्या अनेकांनी हे वाक्य सर्व्हिस सेंटरच्या एसीत बसून ऐकलेलं आहे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असतो, गाडी पिकअप घेत नसते, आणि समोरचा मुलगा स्क्रीनकडे बघत सांगतो की डीपीएफ चोक झालाय. वॉरंटी संपलेली. नवा टाकायचा तर बिल लाखाच्या आसपास. कारण विचारा. कारण तुम्ही! तुम्ही गाडी हायवेला काढत नाही, चार किलोमीटर चालवून बंद करता.

त्या मुलाचा राग नाही, त्याला वरून जे शिकवलंय तेच तो बोलतो. राग त्या वाक्याचा आहे. एक लाखाचा खर्च गाडीवरून अलगद उचलून तुमच्या सवयीवर ठेवला जातो, आणि आपणही मान खाली घालून कार्ड स्वाइप करतो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. डिझेल जळताना जी काजळी होते ती बाहेर हवेत जाऊ नये म्हणून धुराच्या वाटेत बसवलेली गाळणी, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी. काजळी तिच्यात अडकते. ती जाळून टाकायची सोय गाडीतच असते. हायवेला धूर नीट तापला की थोडी आपोआप जळते, आणि साठा वाढला की गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि ती जाळतो. याला रीजनरेशन म्हणतात, गॅरेजवाले नुसतं 'रीजन' म्हणतात. त्यासाठी गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. मध्येच चावी फिरवली की काम अर्धवट. असं वारंवार झालं की दिवा लागतो, त्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. वर ते जास्तीचं सोडलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसते. आजवर ऑइल कमी झालं की आपण घाबरायचो, या गाड्यांत वाढलं की घाबरायचं.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या रसायनांची राख वर्षानुवर्षं फिल्टरमध्ये बसत जाते. म्हणजे गाडी जुनी होईल तशी फिल्टरमधली मोकळी जागाच कमी होते आणि रीजन लवकर लवकर लागायला लागतं. २०२०-२१ च्या गाड्या आता बरोबर त्या वयात आल्यात. रनिंग तेच असलं तरी आता दिवा जास्त वेळा लागणार.

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाहीये. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, मधला पाचवा टप्पा गाळून. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली आणि त्यासाठी हा फिल्टर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलाय. आणि प्रदूषण म्हणजे काय हे डोंबिवलीकरांना कुणी शिकवायला नको. आपण २०१४ मध्ये हिरवा पाऊस बघितलाय, २०२० मध्ये एमआयडीसीतला गुलाबी रस्ता बघितलाय. फिल्टर हवाच. पण या शहरात टिकणार नाही असा फिल्टर या शहरातल्या माणसाला कसा विकला, हा माझा प्रश्न आहे.

छोट्या डिझेल गाडीचं गणित नव्या नियमात बसत नाही हे कंपन्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केलं होतं की वर्षभरात आपण डिझेलमधून बाहेर पडतोय. टाटा, ह्युंदाई, होंडा, फोर्ड यांनी आणखी काही वर्षं विकल्या. त्यातली बरीच मॉडेलं आता बंद झाली, फोर्डने तर २०२१ मध्ये भारतातलं गाड्या बनवणंच थांबवायचं जाहीर केलं. अमुक एकाची गाडी खराब असं मी म्हणत नाही. तंत्र सगळ्यांचं सारखंच आहे आणि उत्तरही सारखंच मिळतं.

आता आपलं 'रनिंग' बघू. कल्याण-डोंबिवलीत गाडी कामाला जायला नसतेच. कामाला लोकल आहे. गाडी असते मुलांना क्लासला सोडायला, आईला डॉक्टरकडे न्यायला, रात्री स्टेशनवरून कुणाला आणायला, रविवारच्या किराण्याला. मानपाडा रोडवर, टिळक चौकात दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ क्वचित येते. ठाण्याला निघालात तर शिळ रोड, शिळफाटा, मुंब्रा बायपास. घोडबंदर रोडबद्दल तर बोलूच नका, कापूरबावडी ते गायमुख हे अंतर आता किलोमीटरमध्ये नाही तर पॉडकास्टमध्ये मोजतात. पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा उघडायला जानेवारी २०२१ उजाडलं. म्हणजे हे फिल्टर बसवलेल्या पहिल्या गाड्या कल्याणात आल्या तेव्हा त्यांना पूल ओलांडायलाच अर्धा तास लागत होता. अशा शहरात 'वीस मिनिटं सलग, साठच्या वर' हा सल्ला द्यायला हिंमत लागते.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक दर पंधरा दिवसांनी रविवारी पहाटे पाचला गाडी काढतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमणेपर्यंत आला तेव्हापासून त्यांची सोय झाली. टोल भरायचा, डिझेल जाळायचं आणि कुठेही न जाता परत यायचं, का तर काजळी जाळायला. प्रदूषण कमी करणारं यंत्र चालू राहावं म्हणून माणूस विनाकारण पन्नास-साठ किलोमीटर गाडी फिरवतो, आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही.

शोरूममध्ये हे कुणी विचारलं होतं का? 'साहेब, रोजचं रनिंग किती, शहरात किती, हायवेला किती?' असं विचारून 'मग तुम्ही पेट्रोल घ्या' असं सांगितलेला एक तरी माणूस मला भेटवा. तिथे मायलेजचा कागद पुढे येतो, पेट्रोल-डिझेलमधला फरक दाखवतात, गणपतीला गावी जाताना किती वाचतील त्याचा हिशोब करून देतात. डीपीएफची माहिती असते मालकाच्या पुस्तिकेत, इंग्रजीत, आणि ती पुस्तिका मिळते पैसे भरून झाल्यावर ग्लोव्ह बॉक्समध्ये. विक्रीच्या वेळी जी गोष्ट सांगण्याइतकी महत्त्वाची नव्हती, तीच बिलाच्या वेळी एकमेव कारण कशी होते?

आता परीक्षेचं बघा. या गाड्या पास कशा झाल्या? पुण्यात एआरएआयसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत, रोलरवर, साधारण वीस मिनिटांच्या ठरलेल्या चक्रात, ज्यात शेवटी वेग ९० पर्यंत जातो. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीचं बंधन एप्रिल २०२३ पासून आलं. त्याआधीची तीन वर्षं ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्या गाड्यांनी मानपाडा रोड पाहिला तो थेट डिलिव्हरीनंतर.

'रनिंग बरोबर नाही' हे उत्तर जगात सगळीकडे चालतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर (होय, आपल्या पुढाऱ्यांच्या ताफ्यात असते तेच नाव) या डिझेल गाड्यांच्या फिल्टरवरून मालकांनी एकत्र येऊन खटला भरला. गाड्या २,६४,१७०. गंमत म्हणजे तिथली तक्रार आपल्या बरोबर उलट होती. ताशी शंभरच्या आसपास सलग पळवल्या की त्यांची यंत्रणा बिघडायची. म्हणजे इथे हायवेला नेत नाही म्हणून दोष, तिथे नेली म्हणून बिघाड. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने गाड्या सदोष ठरवल्या आणि किंमत १७.५ टक्क्यांनी कमी धरली. पुढे अपिलात हा आकडा खाली आला आणि भरपाईचा वाद आणखी वर गेला, पण गाडी विकण्यायोग्य दर्जाची नव्हती हा निष्कर्ष अपिलातही टिकला. गिऱ्हाईक सामान्य माणसासारखी गाडी चालवणार हे धरूनच ती बनवली पाहिजे, इतकी साधी गोष्ट.

माझ्या गाडीचं सांगतो. एमएच-०५, पाच वर्षांची. दिवा लागला, सर्व्हिस सेंटरने (नाव लिहीत नाही) नव्या फिल्टरचं नव्वद हजारांच्या वरचं एस्टिमेट दिलं. मी एवढंच म्हटलं की स्कॅनरवर काजळी किती, राख किती, फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात फरक किती, याची प्रिंट द्या. प्रिंट देता येत नाही म्हणाले. उल्हासनगरच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने गाडी उचलून प्रेशर सेन्सरला जाणारी रबरी नळी दाखवली, तडकलेली. सेन्सर चुकीचा दाब सांगत होता, फिल्टर ठीक होता. नळी, मजुरी, स्कॅनरवरून एक फोर्स रीजन, सगळं मिळून तीन हजारांच्या आत. सगळ्यांचं असं निघेल असं नाही. कधी इंजेक्टर गळत असतो, कधी ईजीआर तुंबलेला असतो, कधी टर्बो ऑइल पीत असतो. पण काजळी जास्त का होतेय हे न शोधता नवा फिल्टर टाकला तर तोही तुंबणार.

आता दुसऱ्या बाजूचं, आणि इथे काही मित्र नाराज होतील. 'डीपीएफ काढून टाक, आतून पोकळ करून मॅपिंग मारून देतो, आयुष्यात दिवा लागणार नाही' हा धंदा आपल्याकडे जोरात आहे. पंधरा-वीस हजारांत लाखाचा प्रश्न सुटतो म्हणून लोक करतात, चांगली शिकलेली माणसं करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा मूळ बदल करता येत नाही आणि कलम १९०(२) मध्ये दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. कायदा सोडा. ती काजळी जाते कुठे? जी मुलगी तुम्ही क्लासला सोडता ती त्याच गाडीच्या मागून रस्ता ओलांडते. कंपनीने फसवलं म्हणून त्याची वसुली शेजाऱ्याच्या फुप्फुसातून करायची, हे मला मान्य नाही.

आणि पकडणार कोण? पीयूसीच्या यंत्राला फक्त धुराचा काळेपणा दिसतो. बीएस-६ डिझेलला ०.७ ची मर्यादा आहे, पण पोकळ केलेली गाडीही इंजिन बरं असेल तर त्यात बसू शकते. अतिबारीक कण मोजायची सोय त्या यंत्रात नाहीच. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून वार्षिक तपासणीत कण मोजणारं यंत्र आणलं, आणि फिल्टर काढलेली गाडी तिथे लगेच सापडते. आपल्याकडे काही ठिकाणी नळी सायलेन्सरमध्ये न घालताच कागद मिळतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

उलट आपल्याकडे विचार कसला चाललाय? जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी घालून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का, हे तपासायला निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या प्रदेशात आपण येतो. उद्या काही ठरलं तर पहिला फटका या पाच-सहा वर्षांच्या गाड्यांच्या किमतीला. कंपनी विकून मोकळी, आणि ज्याचा हप्ता नुकताच फिटला तो भंगारच्या भावाने बसणार.

म्हणून वेळ महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ मध्ये गाड्या परत बोलावण्याची तरतूद आहे आणि त्यात पर्यावरणाला हानी करणारा दोष स्पष्ट लिहिलाय. ठरावीक संख्येने मालकांनी सरकारच्या पोर्टलवर तक्रार केली तर चौकशी लागते. पण २०२१ च्या नियमांनुसार हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू. २०२० ची गाडी २०२७ मध्ये त्यातून बाहेर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाचशे लोक रडतात, तेवढ्यांनी पोर्टलवर लिहिलं असतं तर निदान नोंद झाली असती. बीएस-६ च्या नियमांतच प्रदूषण-नियंत्रण उपकरणांचा टिकाऊपणा १,६०,००० किलोमीटरच्या हिशोबाने धरलेला आहे. मग पन्नास-साठ हजारांवर फिल्टर गेला तर तो 'कन्झ्युमेबल' कसा?

ज्यांचा दिवा आज लागलाय त्यांनी एवढं करा. नवा फिल्टर टाकायला होकार देण्याआधी काजळी, राख आणि दाबाचे आकडे लेखी मागा. ऑइल कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच टाकलं का, ते बिलावर लिहून घ्या. गाडी उभी असताना आरपीएम थोडे चढलेले वाटले, मायलेज एकदम पडलं किंवा बंद केल्यावरही फॅन फिरत राहिला तर रीजन चालू होतं असं समजा आणि शक्य असेल तर दहा मिनिटं आणखी फिरवून आणा. ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ठाण्यात जिल्हा आयोग आहे, वकील सक्तीचा नाही, पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी दोनशे रुपये. आणि जॉब कार्डवर 'कस्टमर रनिंग पॅटर्न' असं कारण लिहून सही मागितली, तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा: 'विक्रीच्या वेळी ही अट सांगितली नव्हती.' त्याचा फोटो काढून ठेवा.