करून पाहू या : झोत कुणाचा भारी?

घरात बॅटरी आहे ना? म्हणजे टॉर्च हो! पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, पण अंधारात कुणी 'विजेरी आण रे' असं ओरडलेलं ऐकलंय का कधी?

दोन बॅटऱ्या एकत्र आल्या, की 'माझी भारी!' हे भांडण ठरलेलं. मग भिंतीवर झोत मारायचा आणि मधला पांढराशुभ्र ठिपका कुणाचा ठळक ते बघायचं. आमच्या वर्गातही हेच चाललं होतं. म्हटलं, भांडू नका, मोजून बघा.

एक पांढरा कागद घ्या. मध्ये गोडेतेलाचा एक थेंब टाका आणि पुसून घ्या. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरा. एका बाजूनं झोत टाकला, की त्या बाजूनं डाग काळपट दिसतो आणि पलीकडून उजळ, कारण तेलकट कागदातून जास्त उजेड आरपार जातो. आता पलीकडून दुसरी बॅटरी लावा आणि पुढे-मागे सरकवा. दोन्हीकडून सारखा उजेड पडला, की डाग जवळजवळ गायब! एक झोत पिवळा, दुसरा पांढरा असेल, तर तो पुरता जात नाही. सर्वांत फिका होईल तिथं थांबा. १९व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी याच युक्तीनं दिव्यांची तुलना केली होती. हो, बुन्सेन बर्नरवाले तेच!

समजा, तुमची बॅटरी कागदापासून १ मीटरवर आणि मित्राची २ मीटरवर असताना डाग गेला. मित्राची दुप्पट प्रखर? छे! चौपट. अंतर दुप्पट झालं, की झोत रुंदीत दुप्पट पसरतो आणि उंचीतही. तोच उजेड चौपट जागेवर वाटला जातो. (बॅटऱ्या मीटरभर तरी लांब ठेवा, आणि कुणाच्या डोळ्यांत झोत मारायचा नाही, बरं का!)

आमच्याकडे एका मुलाची नवी एलईडी बॅटरी पहिली आली. स्वारी खूश! मग संध्याकाळी पायवाटेवर सुक्या पानांत सुंभाचा तुकडा टाकून ठेवला आणि एकेकाला चालायला लावलं. पहिल्या नंबरानं लांबचं झाड लख्ख दाखवलं आणि सुंभावर पाय दिला! एका आजोबांची दोन सेलची, पिवळ्या बल्बची जुनी बॅटरी. तिला मात्र तो दिसला.

असं का? झोत अरुंद असला, की तो लांब जातो, पण पायाजवळ उजेड कमी. त्यात झगझगीत ठिपक्यानं डोळ्यांची बाहुली आकसते आणि आजूबाजूचा अंधार आणखी दाट वाटतो. शिवाय बऱ्याच स्वस्त एलईडींच्या उजेडात लाल रंग कमी असतो. माती, पान, सुंभ, सगळं एकसारखं करडं! मण्यार रात्रीच बाहेर पडते, म्हणून आम्ही सुंभच निवडला होता.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबरवाला बॅटरीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर रबरबँडनं बांधून आला. लांबचं झाड आता दिसेना. सुंभ मात्र चार पावलांवरूनच दिसला.