न चाललेली ओळ

अलिबागचा कुलाबा किल्ला तुम्हांला ठाऊक असेलच. पूर्ण ओहोटीला तेथे पायी जाता येते. भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. समजा, तुम्ही पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला: पाण्याची उंची ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर 'जा', नाहीतर 'थांबा'. ओहोटीचे आकडे देऊन तो दहा वेळा तपासला. दहाही वेळा उत्तर बरोबर. मग झाला का प्रोग्राम निर्दोष?

मुळीच नाही! 'थांबा'ची ओळ एकदाही चाललेली नाही. त्या ओळीत एखाद्या चलाचे नाव चुकले असेल, तर पायथनमध्ये ती चूक ओळ चालेल तेव्हाच उघडकीस येते. म्हणजे नेमक्या भरतीच्या वेळी प्रोग्राम बंद पडायचा! पायथनबरोबरच मिळणारे 'ट्रेस' हे साधन प्रत्येक ओळ किती वेळा चालली ते मोजते. न चाललेल्या ओळींवर खूणही करून देते. ही मोजणी प्रयोगवहीत नोंदल्याशिवाय 'प्रोग्राम बरोबर आहे' असे कोणी म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र सर्व ओळी चालल्या म्हणजे काम संपले, असेही नाही. आपल्या प्रोग्रामला पाण्याची उंची कळते. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कुठे कळते? जाताना वाट मोकळी, परतताना बुडालेली! जी ओळ आपण लिहिलीच नाही, ती कोणतेही साधन मोजणार नाही. ती सुचायला भरती-ओहोटीच समजून घ्यावी लागेल.