विश्लेषण : एकच गाडी, साठ वर्षे... जुनी ‘पोर्शे ९११’ सरस की नवी?

सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीच्या पोर्शे कंपनीने दोन घोषणा केल्या. आधी म्युनिकच्या वाहन प्रदर्शनात नवी ‘९११ टर्बो एस’ सादर केली. पेट्रोल इंजिनाला बॅटरीची जोड असलेली ही गाडी ७११ अश्वशक्तीची आहे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कंपनीने विजेवरच्या गाड्यांचे वेळापत्रक मागे ढकलले आणि पेट्रोल इंजिने आणखी काही वर्षे ठेवण्याचे जाहीर केले. १९६४ पासून सलग बनत असलेल्या ‘९११’च्या जुन्या आणि नव्या आवृत्त्यांची तुलना हा आजवर मोटारप्रेमींच्या गप्पांचा विषय होता. आता ती तुलना कंपनीच्या ताळेबंदापर्यंत पोहोचली आहे.

मूळ ‘९११’ कशी होती?

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ‘९०१’ या नावाने लोकांसमोर आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा १९६४ मध्ये शून्याच्या जागी एक आला. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखाटलेल्या या गाडीत दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन होते. सिलिंडर उभे नव्हते. ते तीन-तीनच्या दोन रांगांत, समोरासमोर आडवे होते. ताकद १३० अश्वशक्ती, वजन साधारण १०८० किलो, कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. आजच्या हिशेबाने १३० अश्वशक्ती म्हणजे शहरात रोज दिसणाऱ्या एखाद्या मध्यम एसयूव्हीइतकी ताकद. फरक वजनाचा होता.

इंजिन थंड ठेवायला रेडिएटर नव्हता. मोठा पंखा सिलिंडरवर वारा सोडायचा आणि उरलेली उष्णता तेल वाहून न्यायचे. साध्या मोटारसायकलच्या इंजिनावर पातळ पंख्यांसारखी पाती असतात, तत्त्व तेच. पंख्याची घरघर आणि धातूचा कोरडा आवाज ही या गाडीची ओळख झाली.

इंजिन मागच्या चाकांच्याही मागे... त्याने काय होते?

रिक्षाचे इंजिनही मागेच असते. पण रिक्षा ताशी दोनशेने वळणावर नेत नाहीत. ‘९११’मध्ये जड इंजिन मागच्या आसाच्या पलीकडे लटकलेले असते. वेग घेताना त्याचा फायदा होतो, कारण वजन मागच्या चाकांवर पडते आणि चाके रस्ता घट्ट पकडतात. वळणावर मात्र घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. सुरुवातीच्या ‘९११’ची ही खोड चालकांनी भीत भीत शिकून घेतली. १९६९ च्या मॉडेलसाठी कंपनीने मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली, म्हणजे इंजिन तुलनेने थोडे आत आले. आकडा किरकोळ वाटतो. पण पुढच्या सहा दशकांतले अभियांत्रिकीचे काम याच दिशेने झाले. इंजिन आहे तिथेच ठेवायचे आणि त्याचे दुष्परिणाम एकेक करून मारायचे.

१९७४ मध्ये आलेल्या पहिल्या ‘९११ टर्बो’ने आधी उलटे काम केले. तीन लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती आणि जेमतेम चार गिअर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने टर्बोचे चाक फिरते आणि ते इंजिनात जादा हवा कोंबते. हे चाक वेग घेईपर्यंत काही क्षण काहीच घडत नसे आणि मग सगळी ताकद एकदम अंगावर येई. तेही वळणाच्या मधोमध. या गाडीला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले, ते उगाच नाही. टर्बोचा हा उशीर लक्षात ठेवायला हवा. पन्नास वर्षांनी तोच मुद्दा पुन्हा येणार आहे.

‘९११’ बंद होणार होती?

होय. सत्तरच्या दशकात कंपनीचे प्रमुख अर्न्स्ट फुरमान यांना ‘९११’ला भवितव्य दिसत नव्हते. तिची जागा घेण्यासाठी १९७७ मध्ये पुढे इंजिन असलेली, पाण्याने थंड होणारी व्ही-एट ‘९२८’ बाजारात आली. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. अभियंते हेल्मुथ बोट यांच्या खोलीतल्या तक्त्यावर ‘९११’ची रेघ १९८१ पाशी संपलेली पाहून शुट्झ यांनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या पलीकडे भिंतीवर ओढत नेली, हा किस्सा कंपनीत आजही सांगितला जातो. ‘९२८’ १९९५ मध्ये बंद झाली. ‘९११’ सुरूच आहे.

खरी फारकत कधी झाली?

जुनी आणि नवी यांच्यात रेघ ओढायचीच, तर ती १९९७ मध्ये ओढावी लागेल. त्याआधीची पिढी कंपनीच्या अंतर्गत क्रमांकाने ‘९९३’ म्हणून ओळखली जाते. हवेने थंड होणारी ती शेवटची ‘९११’. तिच्यानंतरच्या ‘९९६’मध्ये पाणी आले.

हा बदल हौसेने झाला नाही. ध्वनी आणि धुराचे नियम कडक होत होते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा दिल्या तर इंधन नीट जळते. पण एवढ्या दाटीतून उष्णता वाऱ्याने काढणे अवघड होते. पाण्यामुळे तापमान एका मर्यादेत राहते, इंजिनाचा आवाजही दबतो. आपल्याकडे २०२३ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ हवेवरून द्रवावर गेली, तेव्हा जुन्या धडधडीची आठवण काढणारे जे बोलत होते, साधारण तेच पोर्शेच्या चाहत्यांनी २६ वर्षे आधी बोलून घेतले होते.

दुसरे कारण पैशाचे होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे डबघाईला आली होती. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची घडी बदलली आणि खर्च वाचवण्यासाठी ‘९९६’ व स्वस्त ‘बॉक्स्टर’ यांचे बरेच भाग एकच ठेवले. पुढचे दिवेही सारखेच. गोल दिव्यांच्या जागी आलेल्या त्या दिव्यांची ‘तळलेले अंडे’ म्हणून थट्टा झाली. याहून गंभीर तक्रार इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची होती. ते निकामी झाले की अख्खे इंजिन जायचे. अमेरिकेत या प्रकरणी ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली.

तरीही कागदावर नवी गाडीच वरचढ होती. ‘९९६’ आधीच्या गाडीपेक्षा १८५ मिलिमीटर लांब असूनही सुमारे ५० किलोने हलकी होती आणि तिची ताकद ३०० अश्वशक्तीवर गेली. नंतरच्या कोणत्याही पिढीबदलात एवढी मोठी गाडी करून वजन घटवणे कंपनीला जमलेले नाही. ‘९९६’ची जितकी निंदा झाली, तितकी ती वाईट गाडी नव्हती. किंबहुना तिच्याशिवाय आज तुलना करायला दुसरी गाडीच उरली नसती. २००४ च्या ‘९९७’मध्ये गोल दिवे परत आले आणि बरेच चाहतेही.

नवी ‘९११’ मूळ गाडीपेक्षा किती वाढली?

१९६३ ची गाडी ४१६३ मिलिमीटर लांब आणि १६१० मिलिमीटर रुंद होती. २०१८ मध्ये सादर झालेली ‘९९२’ ही पिढी ४५१९ मिलिमीटर लांब आणि १८५२ मिलिमीटर रुंद आहे. रुंदी जवळजवळ वीतभर वाढली! दोन्हींची बाजूने घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवली तर छताचा उतार एकच दिसतो; प्रत्यक्षात शेजारी उभ्या केल्या तर जुनी गाडी खेळण्यातली वाटते. २०२४ ची ‘कॅरेरा जीटीएस’ १५९५ किलोची आहे, म्हणजे मूळ गाडीपेक्षा अर्धा टन जड.

हे वजन वायफळ नाही. एअरबॅग, मजबूत सांगाडा, चारही चाकांचे संगणकीय नियंत्रण, मोठे ब्रेक हे त्यात आहेत. पाय अचानक काढल्यावर भोवरा होणारी गाडी आज स्वतःच सावरते. पण चालकाच्या हाती पूर्वी जे येत असे, त्यातले बरेच वाटेत गाळले गेले. २०११ मध्ये स्टिअरिंगला विजेची मोटर जोडली गेली आणि टायरखालचा रस्ता बोटांना पूर्वीइतका जाणवेनासा झाला. २०१५ मध्ये साध्या कॅरेरालाही टर्बो आला. २०२४ मध्ये मधोमध असलेला काट्याचा आरपीएम मीटर जाऊन तिथे पडदा आला, चावीसारखी फिरवायची कळ जाऊन बटण आले. क्लच आणि गिअरचा दांडा आता ‘कॅरेरा टी’ आणि ‘जीटी३’सारख्या मोजक्या आवृत्त्यांतच मिळतो.

हायब्रिड ‘९११’ म्हणजे नेमके काय?

मे २०२४ मध्ये आलेली ‘कॅरेरा जीटीएस’ ही रस्त्यावरची पहिली हायब्रिड ‘९११’. ही गाडी घरी चार्ज करता येत नाही आणि नुसत्या विजेवर धावतही नाही. १.९ किलोवॉट तासांची छोटी बॅटरी, गिअरबॉक्समध्ये बसवलेली एक मोटर आणि टर्बोच्या आत बसवलेली दुसरी मोटर, एवढाच हा संसार. खरी गंमत या दुसऱ्या मोटरमध्ये आहे. धुराचा झोत यायची वाट न पाहता ती टर्बोचे चाक आधीच गरगर फिरवते. १९७४ च्या टर्बोचा जीवघेणा उशीर इथे जवळपास संपतो. उलट, झोत गरजेपेक्षा जास्त असेल तेव्हा हीच मोटर वीज बनवते.

इंजिन तीन लिटरवरून ३.६ लिटरचे झाले, हे वरवर उफराटे वाटेल. त्यामागे युरोपचे धुराचे नियम आहेत. जोरात पळवताना टर्बो इंजिन फार तापू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारायची पद्धत होती. ते जादा पेट्रोल न जळता धुरात जाई. इंजिन मोठे आणि मदतीला मोटर असल्याने आता हवा आणि पेट्रोलचे योग्य प्रमाण सर्व वेगांत राखता येते, असे कंपनी सांगते. एकूण ताकद ५४१ अश्वशक्ती, वजनातली वाढ साधारण ५० किलो. नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या फेरीला ७ मिनिटे १६.९ सेकंद लागतात. आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद कमी.

मग जुन्या गाड्यांना एवढी मागणी का?

कारण घड्याळ जे मोजते ते सगळ्यांनाच हवे असते असे नाही. ताशी शंभरचा वेग गाठायला मूळ गाडीला नऊ सेकंद लागत, नव्या जीटीएसला तीन. रोजच्या रस्त्यावर या तीन सेकंदांचा उपयोग करायला जागाच नसते. जुनी गाडी मात्र ताशी साठनेही चालकाला गुंतवून ठेवते. हवेने थंड होणाऱ्या ‘९११’ पुन्हा तयार होणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या किमती गेल्या दोन दशकांत कुठल्या कुठे गेल्या. कॅलिफोर्नियातील ‘सिंगर’ ही कंपनी १९९० च्या आसपासच्या ‘९११’ नव्याने घडवून देण्यावरच उभी राहिली. अर्थात, पावसात अनोळखी घाट उतरायचा असेल, तर शहाणा माणूस नवी गाडीच निवडेल.

कंपनीसाठी हे महत्त्वाचे का?

पोर्शेने २०२४ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख १० हजार गाड्या विकल्या. त्यांत ‘९११’ जवळपास ५१ हजार होत्या. बाकी धंदा एसयूव्ही आणि इतर गाड्यांचा; तोच आता अडचणीत आहे. चीनमधली मागणी घसरली, अमेरिकेने आयातशुल्क वाढवले आणि विजेवरच्या गाड्यांचा अंदाज चुकला. २०२५ च्या पहिल्या नऊ महिन्यांत कंपनीचा परिचालन नफा अवघ्या ४ कोटी युरोंवर आला. आदल्या वर्षी याच काळात तो ४०० कोटींहून अधिक होता. सप्टेंबरमध्ये कंपनी जर्मनीच्या ‘डॅक्स’ निर्देशांकातूनही बाहेर पडली.

‘९११’ची धाकटी भावंडे, बॉक्स्टर आणि केमन, यांच्याबाबत कंपनीने थेट विजेवर उडी घ्यायचे ठरवले होते. सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे त्यांची पेट्रोल आवृत्ती युरोपात २०२४ मध्येच थांबली, २०२५ मध्ये उत्पादनही बंद झाले आणि विजेवरची गाडी अजून आलेली नाही. आता या मालिकेच्या वरच्या श्रेणीतल्या गाड्यांना पुन्हा पेट्रोल इंजिन देण्याचे ठरले आहे. ‘९११’मध्ये मात्र टप्प्याटप्प्याने बदल होत गेला आणि त्यामुळे ती विकली जात राहिली. जानेवारी २०२६ पासून कंपनीची सूत्रे मॅक्लॅरेनचे माजी प्रमुख मिखाएल लायटर्स यांच्याकडे आली आहेत. त्यांच्या हाती आलेल्या यादीत ७११ अश्वशक्तीची हायब्रिड टर्बो एस आहे आणि टर्बोविना ९००० आरपीएमपर्यंत फिरणारी, हाताने गिअर टाकता येणारी ‘जीटी३’ही आहे.