धान्यावांचूनचें पान

‘मीं धान्य सोडलें आहे’ असें वाक्य पूर्वीं घरांत ऐकूं आलें, कीं तें बहुधा एखाद्या व्रतस्थ वृद्धेचें असे. चातुर्मासाचा नेम घेतला आणि चार महिने फलाहारावर काढले, एवढाच त्याचा अर्थ. हल्लीं तेंच वाक्य पंचविशींतल्या नातवाच्या, चाळिशींतल्या सुनेच्या आणि साठीच्या यजमानांच्याही तोंडीं येऊं लागलें आहे; आणि त्याच्या मागें डॉक्टरांचा सल्ला, वजनाचा कांटा किंवा एखादें पाश्चात्य पुस्तक उभें असतें. कारण कोणतेंही असो, त्या वाक्याचा भार अखेर स्वयंपाकघरावर पडतो. आठ-दहा माणसांच्या कुटुंबांत पोळ्यांची चळत आणि भाताचें पातेलें यांवरच सारी मांडणी उभी. त्यांतून एकाचें पान धान्यावांचून वाढावयाचें, तर त्यांत वाढावें तरी काय, असा प्रश्न कित्येक भगिनी विचारतात. त्याचाच विचार या महिन्यांत करूं.

आधीं ‘धान्य’ या शब्दाचा निकाल लावूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहारद्रव्यांचे बारा वर्ग केले आहेत. त्यांत पहिला शूकधान्यांचा आणि दुसरा शमीधान्यांचा. शूक म्हणजे कूस. साळी, गहूं, जव हीं पहिल्या वर्गांतलीं. शमी म्हणजे शेंग. मूग, उडीद, कुळीथ, मसूर हीं आपलीं कडधान्यें दुसऱ्या वर्गांतलीं. दूध, दहीं, ताक यांचा गोरसवर्ग याहून निराळा. हा जुना भेद आज फार उपयोगी आहे. धान्य सोडलें म्हणणारानें शूकधान्य सोडलें कीं शमीधान्यही सोडलें, हें विचारल्यावांचून चूल पेटवूं नये.

असें न विचारतां पुष्कळ घरीं पहिली धांव घेतली जाते, ती उपवासाच्या यादीकडे. एकादशीचें अन्न रोजच केलें म्हणजे झालें, अशी समजूत. परंतु ती यादी नीट तपासून पाहावी. वरी ही गवताच्याच कुळांतली, म्हणजे उघड धान्य. शेंगदाणा शेंगेंतला, म्हणजे कुळानें कडधान्याचा भाऊबंद. साबूदाणा आपल्याकडे मुख्यत्वें तामिळनाडूंतील सेलमच्या बाजूनें येतो. तो टॅपिओकाच्या कंदाचा नुसता सत्त्वांश, त्यांत प्रथिनें जवळ जवळ नाहींतच. बटाटा, रताळें, भुईमूग आणि हा साबूदाण्याचा कंद, हीं चारही अमेरिका खंडांतून आलेलीं. तेव्हां पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वींच्या आपल्या एकादशीच्या पानांत त्यांतलें कांहींच नव्हतें. व्रताची यादी व्रताच्या हेतूनें झाली. तिच्यावर प्रकृतीच्या पथ्याचें ओझें घालणें बरें नव्हे.

याच संबंधांत ऋषिपंचमीचें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं, असा नेम. म्हणून त्या दिवशींची भाजी परसांतली आणि कुंपणावरची: अळू, सुरण, लाल भोपळा, दोडका, पडवळ, अंबाडी. पण तिच्यांतच मक्याच्या कणसाचे तुकडेही पडतात आणि कित्येक घरीं जोडीला देवभात असतो. दोन्हीं धान्यें, पण नांगर न लागतां आलेलीं म्हणून चालतात. शाकुंतलांतल्या तपोवनांतही झाडाच्या ढोलींतून पोपटांच्या चोंचींतले नीवाराचे दाणे खालीं सांडलेले आहेत, आणि शकुंतलेनें हरणाचें पाडस वाढविलें तें श्यामाकाच्या मुठी चारून. सारांश, ऋषि धान्य खात. नांगराचें खात नसत. नेम कां घेतला, हें कळलें म्हणजे यादी आपोआप ठरते. आजच्या धान्यत्यागाचीं कारणें आम्हांस तीन दिसतात, आणि तिन्हींच्या याद्या अगदीं निराळ्या आहेत.

पहिलें कारण गव्हाचें न सोसणें. कणीक मळून पाण्याखालीं धुवीत गेलें, तर पिठूळ भाग वाहून जातो आणि हातांत चिवट गोळा उरतो. त्या चिवट द्रव्यास ग्लूटेन म्हणतात. कांहीं माणसांचें आंतडें तें सोसूं शकत नाहीं. आंतील अस्तर झिजतें, खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, मूल असल्यास त्याची वाढ खुंटते. हाच सेलिॲक रोग. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडांत दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला, तेव्हां अशीं मुलें सुधारतात आणि पाव परत मिळूं लागतांच पुन्हा ढांसळतात, हें विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या ध्यानांत आलें. गव्हाविषयींचा त्यांचा पूर्वींचाच संशय त्यानें दृढ झाला. अशा माणसानें गहूं, जव आणि राय नांवाचें पाश्चात्य धान्य यांचा कणही खाऊं नये. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांस मात्र प्रत्यवाय नाहीं. म्हणजे आमच्या आजीची भाकरी हेंच त्याचें औषध! परंतु गिरणींत गव्हामागून दळलेलें ज्वारीचें पीठ त्यास चालत नाहीं. घरीं निवडून वेगळें दळावें. बाजारच्या बांधणीच्या हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ असतें. पुडीवरील घटक वाचूनच तो घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, संशय आल्यास रक्ताची तपासणी गहूं चालू असतांनाच करून घ्यावी. आधीं गहूं सोडून मग तपासणीस गेल्यास रोग असूनही तो दिसत नाहीं.

दुसरें कारण मधुमेह अथवा स्थूलता. येथें आळा घालावयाचा तो एकंदर पिष्टमय अन्नास. पोळी बंद करून साबूदाण्याची खिचडी खाणारानें किंवा भाताच्या जागीं बटाट्याची भाजी वाढून घेणारानें नांव तेवढें बदललें. रक्तांतील साखर नांवाला भुलत नाहीं. राजगिरा आणि शिंगाडा हे देखील अशांनीं बेतानेंच घ्यावे. त्यांचें पान भाजी, कोशिंबीर, उसळ आणि ताक यांनीं भरावें. मात्र गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असतां एकाएकीं पोळी-भात टाकला, तर साखर धोक्याइतकी खालीं उतरूं शकते. म्हणून डॉक्टरांस सांगितल्यावांचून हा प्रयोग करूं नये.

तिसरें कारण म्हणजे अश्मयुगीन आहाराचें मत. मनुष्याचें शरीर शेतीपूर्वींच्या दीर्घ काळांत घडलें, सबब शेतीनें दिलेलें अन्न त्यास मानवत नाहीं, असें हें मत. वॉल्टर व्होग्टलिन यांनीं १९७५ त तें पुस्तकरूपानें मांडलें. १९८५ त ईटन व कॉनर यांच्या वैद्यकीय लेखानें त्यास वजन आलें. आणि लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या पुस्तकानें तें घरोघर पोंचलें. त्यांत धान्य, कडधान्य, दूध आणि साखर हीं वर्ज्य. मांस, मासे, अंडीं, फळें, भाज्या व कवचाचीं फळें ग्राह्य. साखर आणि डबाबंद पदार्थ टाका, हा त्यांतील उपदेश सोन्यासारखा आहे. परंतु शेतीपूर्वीं मनुष्य धान्य खातच नव्हता, हें म्हणणें टिकत नाहीं. गॅलिलीच्या सरोवराकाठच्या ओहालो येथील सुमारें २३,००० वर्षांपूर्वींच्या वस्तींत रानटी जव आणि तीं दळण्याचा दगड सांपडला आहे. आपल्याकडे पुणें जिल्ह्यांत इनामगांवीं डेक्कन कॉलेजनें केलेल्या उत्खननांत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींचे शेतकरी जव पिकवीत असल्याचें आढळलें. तितक्या पिढ्या तरी आपण या मातींत धान्यावर पोसलों आहों.

शिवाय हें मत आपल्या घरांत आणतांना एक मोठी अडचण आहे. ज्या घरीं मांस, मासे, अंडीं येत नाहींत, तेथें कडधान्य आणि दूधही बंद केलें, तर प्रथिनें कोठून मिळावयाचीं? ब-१२ जीवनसत्त्व तर शाकाहारी माणसास मुख्यतः दुधादह्यांतूनच मिळतें. यास्तव आमचें स्पष्ट मत असें, कीं कोणास शूकधान्य सोडावयाचें असेल तर त्यानें खुशाल सोडावें. पण शाकाहारी घरांत शमीधान्य आणि गोरस सोडूं नये. वाढत्या मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतींत तर हा खेळ मुळींच खेळूं नये.

आतां पाककृतींकडे वळूं. शमीधान्य राहिलें, म्हणजे आपलें स्वयंपाकघर अर्धें भरलेलेंच राहिलें. पिठलें, झुणका, पाटवड्या, सुरळीच्या वड्या, मटकी-वालाच्या उसळी, कुळथाचें पिठलें, चैत्रांतील कैरीची डाळ, डाळ-दाणे घातलेलें अळूचें फदफदें, यांत कोठेंही शूकधान्य नाहीं. सिमला मिरची, मेथी किंवा कांद्याची पात डाळीचें पीठ पेरून केली, तर ती पोळीवांचूनही पोटभर होते. उणीव भासते ती पोळी आणि भात यांच्या जागेची; त्या जागीं पुढील प्रकार करून पाहावे.

मुगाचें धिरडें : दोन वाट्या सालीचे मूग रात्रीं भिजत घालावे. सकाळीं आल्याचा तुकडा, चार हिरव्या मिरच्या, जिरें व मीठ घालून वाटावे. त्यांत तांदळाची पिठी मिसळण्याची पुष्कळांस संवय असते. तिची गरज नाहीं. वाटण सरसरीत ठेवून अर्धा तास राहूं दिलें आणि तवा चांगला तापला, कीं धिरडें अखंड सुटतें.

राजगिऱ्याचें थालिपीठ : राजगिरा गवताच्या कुळांतला नव्हे, आणि प्रथिनांत तांदळाहून सरस. दोन वाट्या राजगिऱ्याचें पीठ, एक वाटी शिंगाड्याचें पीठ, एक वाटी किसलेला लाल भोपळा किंवा दुध्या, मिरची, जिरें, मीठ. मीठ किसाला आधीं लावून ठेवावें. त्याला सुटलेल्या पाण्यांतच बहुतेक पीठ भिजतें. यांत कणकेचा चिवटपणा नसल्यामुळें लाटूं जातां तुकडे पडतात. म्हणून ओल्या फडक्यावर थापून, झांकण ठेवून, मंद विस्तवावर भाजावें.

सुरणाचे काप : सुरण सोलून बोटभर जाड काप करावे, चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यांत उकडावे म्हणजे खाज जाते. मग तिखट, मीठ, हळद लावून थोड्या तेलावर दोन्हीं बाजूंनीं खरपूस परतावे. कच्च्या केळ्याचे कापही असेच. ते उकडण्याचें कारण नाहीं.

भाताच्या जागीं : फ्लॉवरचा गड्डा धुवून अगदीं कोरडा करावा व जाड किसणीवर किसावा. तूप-जिऱ्याच्या फोडणीवर चार-पांच मिनिटें उघडाच परतावा. झांकण ठेवल्यास पाणी सुटून लगदा होतो. याजवर दाट वरण किंवा कढी घेतां येते. उन्हाळ्यांत कच्च्या फणसाची ओलें खोबरें घातलेली भाजी असली, म्हणजे कोंकणांत तरी कोणास भाताची आठवण होत नाहीं, असें म्हणतात. आम्ही तेवढें म्हणणार नाहीं, पण भाजी उत्तम खरी.

आतां शेवटची आणि आमच्या मतें मुख्य गोष्ट. एका पानासाठीं दुसरा स्वयंपाक करावा लागला, कीं पहिल्या आठवड्यांत त्याचें कौतुक होतें आणि दुसऱ्यांत त्याची कुरकुर सुरू होते; आणि तो भार बहुतेक घरीं एकट्या सुनेवर पडतो. तो वांचविण्याचा मार्ग म्हणजे भाजी, उसळ, वरण आणि कोशिंबीर हीं चार सर्वांसाठींच रोजच्या दीडपट करणें. मग पोळी-भात ज्यास हवा त्यानें घ्यावा. पथ्याच्या माणसासाठीं एखादें धिरडें किंवा थालिपीठ एवढेंच काय तें अधिक. मूग भिजत घालणें, भोपळा किसणें हीं कामें, ज्यानें धान्य सोडलें त्यानेंच करावीं, मग तो घरचा कर्ता पुरुष कां असेना.

आणि पथ्याच्या मुलास पंक्तींतून उठवूं नये, तसेंच पंक्तींत बसवून त्याचें पथ्य मोडूंही नये. आमच्या परिचयाच्या एका घरीं गहूं न सोसणाऱ्या नातवास आजी सत्यनारायणाचा शिरा ‘एक घास, प्रसादाला नाहीं म्हणूं नये’ म्हणून भरवीत. मुलगा पुढें चार दिवस पोट धरून बसे, आणि आजीही त्याच्या उशाशीं जागत बसत. माया खोटी नव्हती. पण या रोगांत एका घासानेंही अपाय होतो. देवापुढें पंचामृत असतें, केळें असतें, तोही प्रसादच. शक्य असेल तेथें त्या दिवशींचा सारा शिराच राजगिऱ्याचा करावा, म्हणजे त्या मुलाच्या द्रोणांत आणि इतरांच्या द्रोणांत भेद राहणार नाहीं.

ज्या भगिनींस याहून निराळे धान्यावांचूनचे प्रकार ठाऊक असतील, त्यांनीं ते वाटी-चमच्याच्या मापासह, आणि कोणत्या पथ्यास चालतात हें स्पष्ट लिहून, संपादकांच्या पत्त्यावर पाठवावे. निवडक प्रकार पुढील अंकीं येथेंच देऊं.