सिस्टरला आधी विचारा

अमिकासिनच्या दोन व्हायल शेजारी ठेवून पाहा. एक १०० मिलिग्रॅमची, दुसरी ५०० ची. दोन्हींत औषध २ मिलीच. फरक तेवढा लेबलावरच्या बारीक आकड्याचा. १.२ किलोच्या बाळाला १८ मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे पहिल्या व्हायलमधून ०.३६ मिली. तेवढेच दुसरीतून ओढले तर ९० मिलिग्रॅम जातात आणि धोका मूत्रपिंडाला व कानाला. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इजा होऊ शकेल अशा औषधचुका दाखल मुलांमध्ये प्रौढांच्या तिप्पट आढळल्या होत्या. वजनावर डोस काढणाऱ्या कोणालाही याचे आश्चर्य वाटू नये.

नवजात कक्षातल्या सिस्टरला हे ठाऊक असतेच. कुठला पंप उगाच वाजतो आणि म्हणून त्याचा आवाज बंद करून ठेवलाय, कुठला प्लग गरम होतो, पाळी बदलताना कुठली गोष्ट सांगायची राहून जाते, हेही तिला माहीत असते. बालरुग्ण कक्षात चार मुलांमागे एक परिचारिका असावी, असा स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष आहे. रात्रपाळीत तो किती ठिकाणी पाळला जातो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. पण या गोष्टी चहाच्या वेळी एकमेकींत बोलल्या जातात, गुणवत्ता समितीपुढे येत नाहीत. लिहून दिले की पहिला प्रश्न येतो, ‘ड्युटीवर कोण होतं?’ आणि त्यामागोमाग मेमो.

सिएटलच्या बालरुग्णालयात २०१० मध्ये एका अनुभवी परिचारिकेच्या हातून बाळाला १४० मिलिग्रॅमऐवजी १.४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड गेले. दशांश चिन्ह एक घर सरकले. तिने स्वतःहून लगेच सांगितले. तिची नोकरी गेली. पुढच्या वर्षी तिने आत्महत्या केली. चूक कबूल केल्यावर काय होते, ते तिच्या सहकाऱ्यांनी पाहिले. त्यानंतर किती जणी आपणहून सांगायला पुढे येतील?

आपल्याकडचे उदाहरण फार जुने नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालके दगावली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. कोणाचा दोष किती, हे न्यायालयाने ठरवावे. आमचा प्रश्न त्या रात्रीच्या आधीचा आहे, आणि तो सगळ्याच रुग्णालयांना आहे. परिचारिकेचा जबाब दुर्घटनेनंतर घेतला जातो. तिचे मत आधी कोण घेते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषयच नवजात आणि बालके असा ठेवला होता. फलक लावून शपथ घेणे सोपे असते. त्यापेक्षा ५०० मिलिग्रॅमची व्हायल नवजात कक्षाच्या कपाटातून हलवावी. त्याला ना निविदा लागते ना मंजुरी. थोडक्यात टळलेल्या चुकांसाठी एक वही ठेवावी, बिननावाची, सेवापुस्तिकेशी संबंध नसलेली. मेट्रन आणि बालरोगतज्ज्ञ यांनी ती दर आठवड्याला एकत्र बसून वाचावी आणि काय केले ते त्याच वहीत तारखेनिशी लिहावे. नुसती वाचून बाजूला ठेवली, तर महिन्याभरात ती कोरी राहू लागेल.

वैद्यकीय अधीक्षकांना आणि विभागप्रमुखांना आमची विनंती एवढीच : या महिन्यात रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरला विचारा, ‘आपल्या वॉर्डात पुढची चूक कुठे होईल?’ उत्तरे लिहून घ्या, आणि उत्तर दिल्याबद्दल कोणालाही मेमो देऊ नका.